उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या दर तिमाहीला मध्येच संपतात. तिथल्या जन आरोग्य समितीने नेमकं काय धरून बसायचं?

वाडीवरची

नमस्कार मंडळी. आदिवासी तालुक्यातल्या एका उपकेंद्राबद्दल विचारायचं आहे, जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार गावं, सात पाडे, लोकसंख्या ४,१००. डोंगराळ आणि आदिवासी भागात एका उपकेंद्राला ३,००० लोकसंख्या धरतात, म्हणजे मुळातच अकराशे माणसं जास्त. इमारतीवर आयुष्मान आरोग्य मंदिराचा फलक आहे. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहेत, एक आरोग्य सेविका आहेत, आरोग्य सेवकाचं पद रिकामं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर, मधला घाट पावसाळ्यात दोन-तीन दिवस बंद पडतो.

अडचण पहिली: बीपीच्या नोंदवहीत २१२ नावं आहेत, महिन्याला गोळ्या न्यायला येतात जेमतेम ९०. अ‍ॅम्लोडिपिनच्या ४,५०० गोळ्या तिमाहीला येतात आणि दीड-पावणेदोन महिन्यांत संपतात. केंद्रात विचारलं तर "तुमच्या मागणीप्रमाणेच दिल्या" म्हणतात. मागणीपत्र काढून पाहिलं, तर त्यावर आकडा खरंच ४,५०० चाच आहे.

दुसरी: उपकेंद्रात बाळंतपणं होत नाहीत. गावाचा आग्रह आहे की झालीच पाहिजेत, आरोग्य सेविका नाही म्हणतात.

तिसरी: सीएचओ दुपारनंतर मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्या असतात, असं लोकांचं म्हणणं. ग्रामसभेत त्यांच्याविरुद्ध ठराव आणायचं चाललं आहे.

मी सरपंच आहे. "औषधं द्या, डॉक्टर द्या" अशी तीन निवेदनं जाऊन काही हललेलं नाही. चौथं देण्याआधी नेमकं काय मागायचं ते समजून घ्यायचं आहे.

औषधखोली

ताई, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. नीट मांडून दाखवतो, कारण राज्यात शेकडो ठिकाणी हेच होतं आणि दोष मात्र ट्रकवर जातो.

गेले सहा महिने घ्या. एप्रिल ते सप्टेंबर, १८३ दिवस. दोन खेपांत ९,००० गोळ्या आल्या आणि त्या सगळ्या वाटल्या गेल्या. मागणी करणारा काय करतो? ९,००० भागिले ६, महिन्याला १,५००. पुढच्या तिमाहीसाठी ४,५००. मागणीपत्र तयार.

आता साठा नोंदवहीत बघा की कपाट किती दिवस निरंक (रिकामं) होतं. तुमच्याकडे ९० माणसं रोज एक गोळी घेतात, म्हणजे दिवसाला ९० गोळ्या. ४,५०० गोळ्या ५० दिवस पुरणार. दोन खेपांचे मिळून १०० दिवस साठा होता, ८३ दिवस नव्हता. म्हणून खरा खप असा काढायचा: वाटलेल्या गोळ्या भागिले साठा असलेले दिवस, गुणिले ३०. ९,००० ÷ १०० × ३० = २,७००. तुमची महिन्याची गरज २,७०० आहे, मागणी जाते १,५०० ची. जितकं मागितलं तितकं आलं, ते पन्नास दिवसांत संपलं, म्हणून सरासरी पुन्हा कमी निघाली, म्हणून पुन्हा तितकंच मागितलं. टंचाई अशी स्वतःच्याच हिशेबावर वर्षानुवर्षं जगते, आणि कागदावर कुणाचीही चूक दिसत नाही.

एक सावधगिरी. औषध फारच थोडे दिवस शिल्लक असेल, समजा सहा महिन्यांत ३०-४० दिवसच, तर ही रीत फसते. गोळ्या आल्याचं कळताच सगळे एकदम येतात, काहीजण जास्तीच्या नेतात, आणि रोजचा खप फुगलेला दिसतो. अशा वेळी रुग्णसंख्येवरून हिशेब करावा.

तो हिशेब असा. पुढच्या तिमाहीत नियमित रुग्ण १४० करायचे ठरवले (एका तिमाहीत २१२ धरू नका, तितके परत येत नाहीत). १४० × ३० = ४,२००. त्यातल्या ३० जणांना १० मिग्रॅचा डोस असेल आणि हातात ५ मिग्रॅचीच गोळी असेल, तर त्यांना रोज दोन लागतील, म्हणजे आणखी ९००. महिन्याला ५,१००, तिमाहीला १५,३००. त्यावर एक महिन्याचा राखीव साठा ५,१००. एकूण २०,४००, वजा हातातली शिल्लक. दहाच्या पट्टीच्या हिशेबाने २,०४० पट्ट्या.

आकडा पाहून वरचा माणूस दचकेल: ४,५०० वरून एकदम २०,४००? म्हणून मागणीपत्रासोबत दोन कागद जोडायचे. एक, निरंक दिवसांची यादी तारखांसह. दोन, रुग्णांची संख्या डोसनिहाय. हे दोन कागद नसतील तर आकडा वर छाटला जाणारच, आणि छाटणाऱ्याला दोष देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. बऱ्याच ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपकेंद्राला औषध दिलं की ई-औषधी या साठ्याच्या ऑनलाइन प्रणालीत ते "खर्च" होतं. उपकेंद्रात ते पन्नास दिवसांत संपलं की पडून राहून मुदत गेली, हे त्या पडद्यावर कळत नाही. जिल्हा भांडाराच्या दृष्टीने तुमचं उपकेंद्र म्हणजे केंद्राच्या खात्यावरची एक ओळ. म्हणून उपकेंद्राची स्वतःची साठा नोंदवही हीच खरी. तिच्यात प्रत्येक औषधापुढे तीन तारखा हव्यात: आलं कधी, संपलं कधी, पुन्हा आलं कधी. बहुतेक नोंदवह्यांत मधली तारीख नसते.

तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं, तेव्हा प्रत्येक संस्थेला पासबुक दिलं. भांडारातून काय आणि किती रकमेचं उचललं ते त्यात चढतं. आपल्याकडे खरेदीची यंत्रणा बदलत राहिली, आधी संचालनालय, मग हाफकिन महामंडळ, आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण. वरची यंत्रणा कोणतीही असो, खालून चुकीचा आकडा गेला तर ती बरोबर औषध पाठवू शकत नाही.

तालुका एमओ

वरचं गणित पूर्ण मान्य. पण ते ९० जणांचं आहे. उरलेले १२२ कुठे गेले हे शोधल्याशिवाय मागणीला अर्थ नाही.

पहिलं कारण बहुधा हे असतं: गोळ्या कमी आहेत म्हणून सगळ्यांना दहा-दहा वाटल्या जातात. हेतू चांगला, परिणाम वाईट. दहा गोळ्यांसाठी पाड्यावरचा माणूस महिन्यात तीन वेळा मजुरी बुडवणार नाही. दुसऱ्या महिन्यात तो सोडून देतो, आणि त्याला काही त्रास होत नसल्याने सोडलं तरी चालतं असं त्याला वाटतं. बीपीचा त्रास बऱ्याचदा थेट अर्धांगवायूनेच कळतो. म्हणून ३० गोळ्यांच्या खाली द्यायचंच नाही असं ठरवा. ज्यांचं बीपी सलग आटोक्यात आहे त्यांना वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी सूचनेने पावसाळ्याआधी ६० दिवसांच्या गोळ्या द्याव्यात. घाट बंद पडणाऱ्या भागात तर हे झालंच पाहिजे.

दुसरं, २१२ पैकी सगळ्यांना खरंच बीपी आहे का? शिबिरात घाईघाईने एकदाच मोजून नाव चढलेलं असतं. मोजण्याची पद्धत: तीस मिनिटं आधी चहा, तंबाखू, बिडी नाही. लघवीला जाऊन यायला सांगायचं. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी. मोजताना बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही नाही.

आणि कफ. हे कुणी बघत नाही. नेहमीचा प्रौढांचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. तुमच्या भागात १९-२० सेंटिमीटर दंडाची माणसं, विशेषतः बायका, भरपूर असणार. बारीक दंडावर मोठा कफ बांधला की बीपी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं, जाड दंडावर लहान कफ बांधला की जास्त दिसतं. म्हणजे ज्यांना खरंच आजार आहे त्यातल्या काही नोंदवहीतच नाहीत. छोट्या कफची मागणी करा, आणि टेबलावर शिवणाची टेप ठेवा. यंत्राचे सेल उतरले की रीडिंग भरकटतं, सेलचा एक जादा संच कपाटात हवा.

औषधाची पायरी ठरलेली आहे. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅने सुरुवात, महिन्याने पुन्हा मोजायचं, १४०/९० च्या खाली नसेल तर प्रोटोकॉलमधली पुढची पायरी, टेल्मिसार्टन किंवा वाढीव डोस. २०१७ च्या अखेरीस देशात जो उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, ज्यात महाराष्ट्रही होता, त्याचा गाभा हाच: थोडी औषधं, एकच पायरी-पद्धत, प्रत्येक रुग्णाचं कार्ड. औषधं थोडी असली की किती लागतील ते मोजता येतं. पाच डॉक्टरांनी पाच वेगवेगळ्या गोळ्या लिहिल्या तर कोणत्याही भांडाराला अंदाज बांधता येणार नाही.

आता बाळंतपणं. ताई, इथे मी आरोग्य सेविकेच्या बाजूने आहे. उपकेंद्र प्रसूतीसाठी चालतं असं धरायला महिन्याला किमान ३ बाळंतपणं, प्राथमिक आरोग्य केंद्राला किमान १०, असे निकष आहेत. ते केवळ कागदासाठी नाहीत. हात चालता राहिला तरच बाळ रडलं नाही की पहिल्या मिनिटात काय करायचं ते सुचतं. एकच सेविका चोवीस तास, तीसही दिवस हजर राहू शकत नाही. दिवसा लसीकरण सत्र, रात्री प्रसूती, मदतीला कुणी नाही, आणि रक्तस्राव सुरू झाला तर १४ किलोमीटरचा घाट. असं केंद्र सुरू करून आपण बाईला घरापेक्षा सुरक्षित जागी आणलं असं म्हणता येणार नाही.

आग्रह धरायचाच तर तीन गोष्टींचा धरा.

प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या बायकांची पाडेनिहाय यादी दर महिन्याला समितीसमोर यावी. घाटापलीकडच्या बाईला तारखेच्या चार-पाच दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (प्रसूतीआधी राहण्याची सोय) हलवायचं. आदिवासी भागातल्या केंद्रांसाठी ही योजना आहे, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल राहू शकतं. बायका जात नाहीत त्याचं कारण बहुतेकदा घरची गुरं आणि धाकटी मुलं असतं. ती सोय गावच करू शकतं.

गाडी: १०२ गरोदर माता आणि आजारी नवजातांसाठी, १०८ तातडीच्या सगळ्या रुग्णांसाठी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून नेणं, पुढच्या रुग्णालयात पाठवणं आणि घरी सोडणं, तिन्ही मोफत आहे. फोनला रेंज नसलेल्या पाड्यांवर रेंज कुठल्या टेकाडावर येते, आणि तिथे रात्री कोण जाणार, हे नाव लिहून ठरवा.

तिसरं, वाटेत किंवा उपकेंद्रात अचानक बाळंतपण झालंच तर लागणारा संच कायम भरलेला हवा. ऑक्सिटोसिन (रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) १० युनिट, बाळ बाहेर येताच मिनिटाच्या आत स्नायूत, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जिथे ते शक्य नाही तिथे मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या ३ गोळ्या, पट्टी न फाडता कोरड्या जागी. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट: ५० टक्के द्रावणाच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं, पहिला डोस १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात ५, म्हणजे एका बाईला १० अँप्युल. अनेक उपकेंद्रांत चार-पाच अँप्युल ठेवून यादीत "उपलब्ध" अशी खूण केलेली असते. २० हव्यात. आणि नवजाताला श्वास देण्याची बॅग-मास्क, शून्य आणि एक नंबर दोन्ही मास्कसह.

गटप्रवर्तक

सीएचओंच्या मोबाईलबद्दल लिहिते, कारण त्या ठरावाने नुकसान होईल.

सीएचओंना २५,००० रुपये स्थिर आणि त्यावर १५,००० पर्यंत कामगिरीचा मोबदला असतो, आणि ती कामगिरी मुख्यतः पोर्टलवर चढलेल्या आकड्यांवरून ठरते. बीपी-शुगरचं एनसीडी पोर्टल वेगळं, ई-संजीवनी (डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला) वेगळी, लसीकरणाचं यू-विन वेगळं, टीबीचं निक्षय वेगळं, साथरोगांचं वेगळं, आरोग्य मंदिराचं रोजचं पोर्टल वेगळं. शिवाय आभा (डिजिटल आरोग्य ओळख) कार्ड काढून द्यायची. एकाच बाईचं नाव, वय, पाडा चार ठिकाणी टाकायचं, तेही रेंज येईल तेव्हा. रेंज दुपारी येत असेल तर त्या दुपारीच मान खाली घालून बसणार. लोकांना दिसतो तो मोबाईल. त्यात चाललेलं काम त्यांच्याच नावावरचं आहे हे दिसत नाही.

ठरावाऐवजी समितीने एवढं करावं: उपकेंद्राला चांगल्या नेटची सोय, आणि आठवड्याचे दिवस ठरवून फलकावर लिहिणं. दोन दिवस पाड्यांवर, एक दिवस बीपी-शुगरचा, लसीकरणाचा दिवस ठरलेला असतोच. नोंदींसाठी रोज दुपारी एक तास, तोही फलकावर लिहून. लोकांना वेळ माहीत असली की अर्धी तक्रार संपते.

आता ते १२२. त्यांची यादी पाडेनिहाय करून प्रत्येक आशाताईच्या हातात तिच्या पाड्याची नावं द्या. सात पाड्यांवर वाटली तर एकीच्या वाट्याला पंधरा-वीस घरं येतात. प्रत्येक नावापुढे पाचपैकी एक कारण: मयत, स्थलांतर, खासगीकडे चालू, गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून सोडल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेली कुटुंबं स्थलांतरात लिहा, ती गळालेली नाहीत. ती निघण्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या आणि कार्ड त्यांच्याकडे हवं, म्हणजे तिकडच्या केंद्रात त्याच पायरीवर औषध चालू राहतं. ही यादी झाली की औषधखोली दादांनी मागितलेला डोसनिहाय आकडा आपोआप मिळतो.

आशाताईंवर काम टाकताना हेही लक्षात ठेवा की बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांना जायचं असतं, घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून हीच पद्धत उभी राहिली आणि देशभर गेली. त्या भेटीत बाळाचं वजन, ताप, दूध ओढतं का, हे बघायचं असतं. बीपीच्या यादीसाठी त्या भेटी चुकता कामा नयेत. दोन्ही एकाच फेरीत बसवता येतं, पण नियोजन कुणीतरी कागदावर करून द्यावं लागतं.

लेखा शाखा

ताई, एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचा अध्यक्ष सरपंच असतो, सहअध्यक्ष प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आणि सदस्य सचिव सीएचओ. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ठराव येऊ घातलाय त्या तुमच्या सचिव आहेत, आणि निवेदन घेऊन तुम्ही ज्यांच्याकडे जाता ते तुमच्या बैठकीला यायला हवेत. समितीची बैठक दर महिन्याला अपेक्षित आहे. इतिवृत्ताची वही मागवून बघा. बऱ्याच ठिकाणी सह्या असतात, बैठक झालेली नसते.

पैसे: आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला वर्षाला ५०,००० रुपयांचा अबंधित (गरजेप्रमाणे खर्चता येणारा) निधी, प्राथमिक आरोग्य केंद्राला १,७५,०००, आणि गावपातळीवरच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला १०,०००. रक्कम उशिरा येते आणि खर्चाची मुदत मार्चला संपते, हे दरवर्षीचं. म्हणून खर्चाचा आराखडा पैसे येण्याआधी तयार हवा. फेब्रुवारीत पैसे आले की घाईत खुर्च्या आणि पडदे घेतले जातात.

या निधीतून तातडीला औषध घेता येतं. पट्टीला ५ रुपये धरले तरी २७० पट्ट्या, म्हणजे तुमचा सध्याचा महिन्याचा खप, १,३५० रुपयांत येतो. खरेदीची मर्यादा, दरपत्रकं आणि सह्या किती लागतात ते केंद्राच्या लेखापालांकडून लेखी घ्या. तोंडी विचाराल तर "नाही चालत" हेच उत्तर मिळतं, कारण लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो त्यांच्यावर येतो.

औषधखोली

लेखा शाखेला थोडा विरोध करतो. स्थानिक खरेदी जरूर करा, रुग्णाने थांबता कामा नये. पण एक महिना बाहेरून घेतल्या आणि साठा नोंदवहीत चढवल्या नाहीत, तर वरच्या हिशेबात तो महिना पुन्हा खपच नसलेला दिसेल. चढवल्या पण वेगळ्या दाखवल्या नाहीत, तर जिल्ह्याला वाटेल पुरवठा पुरेसा होता. दोन्हीकडून मागणी कमीच राहते. म्हणून "स्थानिक खरेदी" असा शेरा मारून, बिल क्रमांक आणि बॅच क्रमांकासह चढवा, आणि मागणीपत्रात लिहा: अमुक तारखेपासून साठा निरंक, इतक्या गोळ्या समितीच्या निधीतून घेतल्या. मुदतीची तारीख नीट बघून घ्या, आणि ज्यांची मुदत आधी संपते त्या आधी वाटा.

दुसरं, अ‍ॅम्लोडिपिनवरच थांबू नका. उपकेंद्राच्या यादीत १०५ औषधं आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत १७२. सगळ्या १०५ चा पाठलाग समितीला झेपणार नाही. दहा-बारा निवडा: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, लोह-फॉलिक, ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल (सिरपसह), अमॉक्सिसिलिन, कॅल्शियम, आणि एमओंनी सांगितलेली प्रसूतीची तीन. दर बैठकीत या बारांचे निरंक दिवस मोजायचे. एक ओळ, बारा आकडे.

वाडीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आज साठा नोंदवही उघडून बसले. गोळ्या संपल्याची तारीख खरंच कुठेच नाही. वाटपाच्या वहीत शेवटचं नाव ज्या दिवशी आहे ती तारीख धरली, तर एप्रिलची खेप ५२ दिवस आणि जुलैची ४९ दिवस पुरली. मेटफॉर्मिनचं याहून वाईट आहे. सीएचओंशी बोलले, त्या स्वतःच यादी काढायला बसल्या. ठरावाचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे.

दोन प्रश्न राहिले. ऑक्सिटोसिनसाठी फ्रिज घ्यायचा तर तोच लसींना चालेल का, म्हणजे सेविकेला दर सत्राला केंद्रातून लस आणवावी लागणार नाही? आणि आरोग्य सेवक नाही, तर त्याचं काम कोण बघतं?

तालुका एमओ

घरगुती फ्रिज लसींसाठी नाही, हे पक्कं. वीज गेली की तापमान पटकन चढतं, आणि आतल्या बर्फाच्या कप्प्याजवळ उतरतंही. उष्णतेने खराब झालेली लस निदान कुपीवरच्या चौकोनाच्या रंगावरून ओळखता येते. गोठून खराब झालेली पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी किंवा टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) लस दिसायला जवळपास तशीच असते, आणि आपण ती बाळाला टोचून मोकळे होतो. लसी केंद्राच्या आयएलआरमध्येच (लसींच्या खास फ्रिजमध्ये) राहू द्या. सत्राच्या दिवशी कॅरियरमध्ये चार आइसपॅक येतात. ते घट्ट गोठलेले नकोत, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला हवा. सेविकेला हे माहीत असतं, पण पॅक भरून पाठवणारा वेगळा असतो आणि सकाळी घाई असते. झाकण वारंवार उघडलं नाही तर कॅरियर साधारण १२ तास टिकतो. फ्रिज ऑक्सिटोसिन आणि इन्सुलिनसाठी जरूर घ्या, आत थर्मामीटर ठेवा, सकाळ-संध्याकाळ लिहा, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार त्याचं नाव ठरवा. उपकेंद्रातले बहुतेक इन्व्हर्टर एवढ्याच कारणाने मरतात.

गटप्रवर्तक

आरोग्य सेवक नसला की दोन कामं आधी बसतात: तापाच्या रुग्णांचे हिवतापासाठी रक्तनमुने, आणि पाणी. रक्तनमुने आशाताई घेऊ शकतात. पाणी मुळात ग्रामपंचायतीचं आहे, म्हणजे तुमच्या हातातलं.

ब्लीचिंग पावडर ताजी असताना तीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं, ओलसर खोलीत राहिलं की ते उतरत जातं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाणी शुद्धीकरणाला वापरू नये. चांगल्या पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम. १०,००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. कोरडी टाकीत ओतायची नाही. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, मग पाणी वाढवून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं. अर्ध्या तासाने शेवटच्या नळाचं पाणी घेऊन ओटी चाचणी (क्लोरीन आहे का ते बघण्याची). पिवळा रंग आला पाहिजे. पाणी टाकीजवळ तपासून उपयोग नाही, पाड्याच्या टोकाचा नळ बघा, तिथेच क्लोरीन संपलेलं असतं. जलसुरक्षकाच्या (गावाच्या पाण्यावर देखरेख करणाऱ्याच्या) वहीत रोजची ओटी नोंद बघा. सगळ्या पानांवर एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेलं असेल तर ते लगेच ओळखू येतं.

वाडीवरची

चौथ्या निवेदनाऐवजी समितीच्या बैठकीत हे पत्र ठेवते आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

"प्रति, वैद्यकीय अधिकारी. विषय: अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ सुधारित मागणी. दि. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या १८३ दिवसांत साठा १०१ दिवस उपलब्ध, ८२ दिवस निरंक (तारखा सोबत). वाटप ९,०००. निरंक दिवस वगळून मासिक खप २,६७३. नोंदणीकृत रुग्ण २१२, नियमित ९०, उर्वरितांची पाडेनिहाय तपासणी चालू. पुढील तिमाहीसाठी नियमित रुग्ण १४० धरून, राखीव साठ्यासह मागणी २०,४००, वजा शिल्लक शून्य. मागणी कमी करायची झाल्यास कारण लेखी कळवावे. प्रत: तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा औषध भांडार."

औषधखोली

चांगलं झालंय. दोन भर घाला. २०,४०० गोळ्या एकदम न देता दोन हप्त्यांत दिल्या तरी चालतील, पण दुसऱ्या हप्त्याची तारीख आत्ताच लिहून द्यावी, असं वाक्य टाका. भांडारात एकदम इतक्या नसतील तर याच कारणाने अख्खं पत्र बाजूला पडतं. आणि पत्राची पोच घेताना नुसता शिक्का नको, आवक क्रमांक घ्या. पुढच्या महिन्यात विचारायला जाल तेव्हा तोच नंबर लागतो.